माशांचं कपाट

टकटके चाचा कुणाच्याही दाराची बेल वाजवत नसत. मधल्या बोटाचं पेर दारावर दोनदा आपटायचे आणि कान लावून उभे राहायचे. आपण दार उघडावं, तर हे माणसाकडे न बघता दाराकडेच बघत असायचे. "वरचं बिजागर सुटलंय," म्हणायचे, आणि मग सलाम करायचे. पाइप, गिझर, गाडीचं बोनेट, कलिंगड, सगळ्यांवर त्यांचं बोट वाजायचं. कम्पाउंडमधल्या पोरांनी त्यांना टकटके चाचा हे नाव पाडलं आणि खरं नाव कागदांपुरतं उरलं.

मी त्यांना चाचा म्हणत नसे. माझ्याहून सात वर्षांनी लहान माणसाला चाचा कोण म्हणेल? मी नुसतं टकटके म्हणायची. ते मला बाय म्हणायचे. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले ते मुसलमान, आणि मी निफाडजवळची. गावाकडे असतो तर आमची गाठ पडली नसती, पडली असती तरी आम्ही एकमेकांशी बोललो नसतो. आखातातल्या अल वक्रा गावातल्या त्या कम्पाउंडच्या भिंतीआड मराठी बोलणारी बरीच घरं होती, पण सकाळी दहा वाजता घराबाहेर सापडणारी मराठी माणसं आम्ही दोघंच.

नवरा गेला तेव्हा मुलाने गावच्या घराला कुलूप लावलं आणि मला इकडे आणलं. तो गॅसच्या कंपनीत इंजिनिअर. सून शाळेत शिकवते. मी चौथी शिकलेली. इथे भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं, आणि नात सई माझं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देते. मला करायला काही नव्हतं. जन्मभर पहाटेपासून राबलेलं शरीर, ते सोफ्यावर बसून बसून आतून कुरतडल्यासारखं व्हायचं. म्हणून मी सकाळी आणि दुपार कलल्यावर, असरच्या अजाननंतर, कम्पाउंडला फेऱ्या मारायची. बावीस घरं, एक पाण्याची टाकी, एक जनरेटरची खोली. दोन महिन्यांत तिथली प्रत्येक फरशी मला पाठ झाली होती.

टकटके कम्पाउंडचे मेकॅनिक, पहिल्यांदा घरी आले ते फ्रिज बघायला. त्यांनी फ्रिजच्या पाठीवर बोट वाजवलं, कान लावला आणि म्हणाले, "हिला दमा लागलाय, बाय. पाठीत माती हाय. ब्रश द्या." अर्ध्या तासात फ्रिज गप्प झाला. मी चहा केला. त्यांनी उभ्यानेच बशीत ओतून घेतला. मी बसा म्हटलं.

"बसला तो गंजला," ते म्हणाले. "माझा बाप होडीवर मरेपर्यंत उभा होता."

बाप मासेमारी करायचा. लहानपणी टकट्यांना तो होडीच्या फळीला कान लावायला सांगायचा आणि इंजिनाचं दुखणं ओळखायला लावायचा. चुकलं तर कानाखाली. त्या कानांवर हा माणूस चौतीस वर्षं आखातात जगला. हातात यंत्र आलं की आधी ऐकायचं, मग उघडायचं. "आवाज खोटा बोलत नाय, बाय. माणूस बोलतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

ती कपाटं मला त्यांनीच दाखवली. जनरेटरच्या खोलीमागे पत्र्याच्या छपराखाली दोन जपानी मशिनं उभी होती. नाणं टाकलं की पेयाचा डबा देणारी. आमच्या आधी या कम्पाउंडमध्ये जपानी इंजिनिअर राहायचे. त्यांनी ती आपल्या देशातून आणली, काम संपल्यावर माणसं गेली आणि मशिनं राहिली. एकाचा पाय वाळूत रुतला होता. दुसऱ्याचा लाल रंग उन्हाने जाऊन आजारी माणसाच्या जिभेसारखा झाला होता. काचेमागे दाखवायचे डबे रांगेत उभे होते, त्यांच्यावरची चित्रं पांढरी पडलेली. एका डब्यावर डोंगर होता असं वाटायचं, एकावर संत्रं असावं. जपानी अक्षरं निम्मी गळलेली. मला तशा वस्तूंचं कौतुक नाही. माझ्या मते भंगार ते भंगार. पण त्या मशिनांत एक गोष्ट होती. त्यांना टाकून दिलंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. दुकान मांडून गिऱ्हाइकाची वाट बघत उभी होती बापडी.

टकट्यांनी त्यातलं कमी बिघडलेलं जिवंत केलं. जपानची वीज आपल्या निम्म्याहून कमी जोराची, म्हणून मध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर बसवला. दुसऱ्या मशिनाचे भाग काढून याला लावले. नाणं मात्र त्याला त्याच्या देशाचंच लागायचं, ते एकच उरलं होतं, एका बाजूला फुलं कोरलेलं. टाकायचं, आणि दार उघडून परत काढायचं. पहिल्यांदा नाणं टाकलं तेव्हा दिवा लागला आणि आतून एक बाई बोलली. मी दचकून मागे सरले.

"इराशाय मासे."

टकट्यांच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. "ऐकलंत? मासे! हे माशांचं कपाट हाय."

मला वेगळं वाटायचं कारण नव्हतं. मीही मासेच ऐकलं होतं. जपानी लोक मासे खातात हे कुणालाही माहीत आहे. मग ते डब्यातले मासेही खात असतील. त्याच संध्याकाळी टकटके बाजारातून टुना माशाचे डबे घेऊन आले आणि मशिनाच्या पोटात भरले. ते डबे चपटे, मशीन उंच डब्यांसाठी केलेलं. नाणं टाकलं, बाई बोलली, आत खडखडाट झाला आणि सगळं अडकलं. दोन दिवस ते पाठीवर आडवे होऊन एकेक डबा चिमट्याने काढत होते. सईने तेव्हा त्या बाईचं बोलणं आपल्या फोनवर टिपलं आणि शोधून सांगितलं, "आजी, it just means welcome."

या, बसा, असा त्याचा अर्थ. टकट्यांनी चिमट्याने काढलेला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "मग म्हणते कोणाला? इथं हाय कोण?"

पुढे त्यांनी त्यात आंब्याच्या रसाचे डबे भरले. पोरं यायची. पण आमच्या दोघांच्या तोंडी ते माशांचं कपाटच राहिलं. डबा पडल्यावर बाई आभाराचंही काही बोलायची, ते मला "अरे, गातो" असं ऐकू यायचं. सकाळी भेट झाली की टकटके सलामाऐवजी म्हणायचे, "मासे, बाय." मी म्हणायची, "गातो." सून एकदा म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, सत्तरीच्या बाईबद्दल लोक काही म्हणत असतील तर मला येऊन सांग, मला बरं वाटेल.

अशी मशिनं आणखी कुठे कुठे आहेत हे टकट्यांना माहीत होतं. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही मुऐदर भागात गेलो. एका बंद किराणा दुकानामागे एक होतं, डबा पडायच्या फटीत मांजर व्यालेलं. अल गराफाला एका व्हिलाच्या फाटकाशी दुसरं, त्यात घरच्यांनी चपला ठेवल्या होत्या. टकटके प्रत्येकाच्या कुशीत बोट वाजवत, कान लावत. आजाऱ्यांना भेटून यावं तसं चाललं होतं. त्या व्हिलाची मोलकरीण मागून चार वेळा ओरडली, काय पाहिजे. ते वळले नाहीत. मला तेव्हाच खटकलं. यंत्रात गुंतलेत म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं.

नंतर पंपाचं झालं. टाकीतलं पाणी संपलं आणि पंप कोरडा फिरायला लागला. किंचाळत होता. मी माझ्या फेरीत पार भिंतीपाशी होते, तिथपर्यंत ऐकू येत होता. धावत गेले तर टकटके त्याच पंपाला पाठ करून दोन हातांवर एका व्हॉल्व्हला रंग देत बसलेले. मी बटण बंद केलं. हाताखालचा पाइप थरथरायचा थांबला तेव्हा त्यांनी मान वळवली.

मग मी त्यांच्या बोटाकडे बघितलं. पेरावरचं कातडं सोललेलं होतं. पूर्वी हळूच टेकवायचे, आता ठोकत होते.

"टकटके, तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"हळू बोला," ते म्हणाले. तेवढं बरोबर ऐकू आलं.

दोन वर्षांपासून जात चाललं होतं. कंपनीला कळलं तर खलास, घरी पाठवतील. मी म्हटलं, मग जावं की घरी, बायको आहे, पोरींची लग्नं झालीत, कशाला मरायचं या उन्हात? त्यांनी ब्रश पुसला आणि सांगितलं, "घरी मी पावणा हाय. सुट्टीत जातो तर ओटीवर खुर्ची टाकून देतात. बसा म्हणतात. चौथ्या दिवशी मना वेड लागतं. इथं माझ्यामुळं बावीस घरांत पाणी चढतं."

मला ते पटलं. बसा म्हणणाऱ्या घराचा अनुभव मलाही होता.

तेव्हापासून मी त्यांचे कान झाले. सकाळच्या फेरीला आम्ही बरोबर निघायचो. मी पंपाशी, गिझरशी, एसीच्या डब्यांशी उभी राहायची आणि काय ऐकू येतं ते त्यांच्याकडे तोंड करून सांगायची. गुणगुण असेल तर ठीक. किरकिर म्हणजे बेअरिंग. घरघर म्हणजे माती. शिट्टी असेल तर आधी बटण बंद, मग बोलणं. चौथी शिकलेल्या बाईला सत्तराव्या वर्षी हुद्दा मिळाला. रात्री झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं. म्हणजे त्यांचं गुपित मी राखलं त्यात माझाही स्वार्थ होता, ते मी लपवत नाही. कंपनीच्या सुपरवायझरने त्या कोरड्या फिरून जळलेल्या पंपाबद्दल विचारलं तेव्हा मी शेजारी उभी होते आणि बोलले नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी धरून चालले होते.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा त्यांनी माशांचं कपाट साफ करायला काढलं. दर वर्षी काढायचे. आतली जाळी धुतली, काच पुसली, पाठीतली वाळू उपसली. मग नाणं टाकलं. दिवा लागला.

"इराशाय मासे," बाई म्हणाली. रोजच्यासारखीच, खणखणीत.

टकटके तिच्या समोर दोन वितींवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बोलली का?"

आतापर्यंत तिचा आवाज त्यांना येत होता. बाकी जग पुसट झालं होतं, पण ही येत होती, हे मला माहीत होतं. आता तीही गेली होती आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी जन्मात कुणाची भीड ठेवली नाही. नवऱ्याला डॉक्टरने जे सांगितलं नाही ते मी सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र मी मान हलवली.

"नाही," मी म्हटलं. "नाही बोलली."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "मग तार सुटली असेल," म्हणाले आणि पान्याला हात घातला.

त्या एका शब्दाने काय होणार आहे ते मला कळायला हवं होतं. बिघाड आहे म्हटल्यावर हा माणूस तो शोधल्याशिवाय राहणार होता का? त्यांनी बाईचा आवाज जिथून येतो ती पत्त्याएवढी हिरवी पट्टी आणि छोटा भोंगा काढला. आमच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर मांडला. सगळं धडधाकट, तरी ते तपासत राहिले. तारा काढल्या, पुन्हा डाग दिले. तीस वर्षांची जुनी पट्टी, किती सोसणार? तिसऱ्या दिवशी परत बसवली आणि नाणं टाकलं. दिवा लागला, डबा पडला. आवाज नाही.

"बोलली?"

"नाही," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

त्यानंतर माझं अन्नावरून मन उडालं. मी दिवसाला सहा फेऱ्या मारू लागले. ते दुपारभर छपराखाली बसायचे. बसायचे, हे नीट वाचा. कामाच्या तक्रारी साचल्या, आठ नंबरच्या घरात पाणी चढलं नाही. त्यांची बोटं भाजलेली. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "चौतीस वर्षांत एक आवाज माझ्या हातानं मेला नव्हता, बाय."

मी चहा खाली ठेवला आणि म्हटलं, त्या दिवशी बोलली होती. मी खोटं सांगितलं.

शेजारी जनरेटर चालू होता. त्यांनी कानामागे हात धरला. मी परत सांगितलं. त्यांना कळेना. काय, काय, करत पुढे आले. मग मी ओरडले. बेंबीच्या देठापासून ओरडले, शेतात ओरडायची तशी. "बोलली होती ती! बिघाड तिच्यात नव्हता! कान! तुमचे कान गेलेत, कान!" आणि दोन्ही हातांनी माझे कान धरून दाखवले.

टकट्यांनी माझ्या मागे बघितलं. मी वळले. सुपरवायझर जनरेटरचा आकडा घ्यायला आला होता, खोलीच्या दारात उभा होता. तो केरळचा. माझी मराठी त्याला एरवी एक अक्षर कळत नसे. पण कान हिंदीतही कानच.

तो वाईट माणूस नव्हता. त्याने दुसऱ्या दिवशी टकट्यांना दवाखान्यात नेलं, तपासणी केली, कागद वर पाठवला. उद्या गॅसची गळती या माणसाला ऐकू आली नाही तर कोण जबाबदार, हे त्याने मला हिंदीत नीट समजावलं. त्याचं बरोबर होतं. महिन्याभरात टकट्यांचं तिकीट आलं.

निघायच्या दिवशी ते घरी आले. दार वाजवलं, दोनदा. मी उघडलं तर दाराकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी माफी मागणार होते. मला ती नीट मागता येत नाही, सवय नाही. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. त्यांनी ओठांवरून ओळखलं असावं.

"तुम्ही नाही म्हणालात ना बाय, त्यानंतरचे तीन दिवस मी सुखात होतो," ते म्हणाले. "तीन दिवस बिघाड मशिनात होता. माझ्यात नव्हता."

मग त्यांनी खिशातून ते फुलांचं नाणं काढलं, माझ्या हातावर ठेवलं, कपाटाच्या दाराची किल्ली ठेवली. कोपऱ्यातल्या घराच्या एसीत किरकिर आहे ते नव्या माणसाला सांगा, म्हणाले. चहा नको म्हणाले. मासे म्हणाले नाहीत. मीही गातो म्हटलं नाही. गाडी गेली आणि मी फेरी मारायला निघाले, कारण घरात उभं राहवेना.

नवा मेकॅनिक तरुण आहे, बेल वाजवतो, फोनवर बघून दुरुस्त्या करतो. मी त्याला किरकिर कुठे आणि घरघर कुठे ते सांगते. आधी हसायचा. दोन वेळा माझं खरं निघालं, तेव्हापासून सकाळी मला विचारूनच कामाला लागतो.

परवा टकट्यांच्या धाकट्या मुलीने व्हिडिओवर फोन लावून दिला. ओटी दिसली, खुर्ची दिसली, खुर्ची रिकामी होती. ते मागे माडाला टेकून उभे होते. कानात मशीन घातलंय, पण ते त्यांना आवडत नाही, सगळं पत्र्याच्या डब्यातून येतं म्हणतात. गावातल्या होड्यांच्या इंजिनांना आता हात लावून ओळखतात. निम्म्या वेळा चुकतात, हे मुलीने मागून सांगितलं. मग त्यांनी फोन तोंडाजवळ आणला.

"बाय, कपाट चालतं का?"

"चालतं," मी म्हटलं.

"बोलतं का?"

फोनच्या काचेतून ते माझ्या ओठांकडे बघत होते, त्या दिवशी बघितलं तसंच. मी मान डोलावली. "बोलतं."

फोन बंद झाला. एकदा खोटं बोलून काय होतं ते मी बघितलं होतं, हे दुसरं खोटं तसंच ठेवायची माझी तयारी नव्हती. मी चपला घातल्या, नाणं आणि किल्ली घेतली आणि भर उन्हात जनरेटरच्या मागे गेले. कुशीत बोट वाजवलं. आत गुणगुण होती, म्हणजे ठीक. नाणं टाकलं. दिवा लागला. मी मोठ्याने म्हटलं, "इराशाय मासे." डबा पडला, तेव्हा "अरे, गातो"ही म्हटलं.

नवा मेकॅनिक शिडीवरून बघत होता. बघू दे. आता रोज सकाळच्या फेरीला म्हणते.